सॉफ्टबॉलमधील पहिला बेस : हस्तक्षेपाचे नियम व क्षेत्ररक्षकाचे स्थान

बेसबॉलपासून निघालेल्या सॉफ्टबॉल या मैदानी खेळात टोला मारल्यानंतर फलंदाजास ज्या तळाकडे सर्वप्रथम धाव घ्यावी लागते, तो पहिला बेस होय. धावणारा खेळाडू, त्याला बाद करण्यासाठी फेकलेला चेंडू आणि तो चेंडू घेण्यास उभा असलेला क्षेत्ररक्षक हे तिघे या बेसपाशी जवळजवळ एकाच क्षणी येऊन पोहोचतात. त्यामुळे वाट कोणाची, हा प्रश्न येथे जितका वारंवार उद्‌भवतो, तितका मैदानाच्या अन्य कोणत्याही भागात उद्‌भवत नाही. धावकाने क्षेत्ररक्षकाच्या कामात आणलेल्या व्यत्ययास हस्तक्षेप म्हणतात. क्षेत्ररक्षकाने धावकाच्या वाटेत आणलेल्या व्यत्ययास अडथळा म्हणतात. मराठी बोलण्यात दोहोंनाही सर्रास अडथळाच म्हटले जाते. नियमांच्या दृष्टीने मात्र त्या परस्परविरुद्ध गोष्टी आहेत. पहिलीचा दंड धावणाऱ्या बाजूस भोगावा लागतो, दुसरीचा क्षेत्ररक्षण करणाऱ्या बाजूस.

सॉफ्टबॉलच्या मैदानात चार तळ एका चौरसाच्या चार कोपऱ्यांवर असतात. चौरसाची बाजू १८.२९ मी. (६० फूट) असते. ज्या तळापाशी उभे राहून फलंदाज खेळतो, त्या घरच्या तळापासून दोन सरळ रेषा पहिल्या व तिसऱ्या बेसवरून पुढे सीमेपर्यंत जातात. त्या रेषांच्या आतील भाग फेअर व बाहेरील भाग फाउल मानला जातो. पहिला बेस ३८.१ सेंमी. चौरस असून तो संपूर्णपणे रेषेच्या आत, म्हणजे फेअर भागात, बसविलेला असतो. घरच्या तळापासून पहिल्या बेसपर्यंतच्या अंतराच्या उत्तरार्धात, रेषेच्या बाहेरच्या अंगास ०.९१ मी. (३ फूट) रुंदीची एक पट्टी आखतात. फलंदाजाने शेवटचे ९.१४ मी. अंतर या पट्टीतून धावावे, अशी अपेक्षा असते. म्हणजे धावावयाचे ते रेषेच्या बाहेरून आणि पाय टेकावयाचा तो रेषेच्या आत. नियमांची ही रचना मुळातच अवघड आहे, आणि पहिल्या बेसवरील बहुतेक तंट्यांचे मूळ तीत सापडते. ती अशी का झाली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

इतिहास : चेंडूफळीच्या जुन्या पाश्चात्त्य खेळांत धावणाऱ्याच्या अंगावर चेंडू फेकून मारला की तो बाद होत असे. आपल्याकडील लगोरीत हीच रीत असल्यामुळे मराठी वाचकास ती अपरिचित नाही. न्यूयॉर्क येथील निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये जे नियम लिहून काढले, त्यांत धावकाच्या अंगावर चेंडू फेकण्यास पूर्ण मनाई केली. धावकाला बाद करावयाचे तर चेंडू हातात धरून त्याला स्पर्श केला पाहिजे, किंवा तो पोहोचण्यापूर्वी बेसवरील प्रतिपक्षीयाच्या हाती चेंडू पोहोचला पाहिजे, असे ठरले. वरवर पाहता ही केवळ दुखापत टाळण्याची तरतूद आहे. परंतु तिच्यामुळे खेळाचे स्वरूपच पालटले. चेंडू कोठूनही अंगावर फेकता येत होता तोपर्यंत बेसवर कोणी उभे राहण्याचे कारण नव्हते. आता तेथे एक माणूस कायमचा लागला. पहिल्या बेसचा क्षेत्ररक्षक या मनाईतून जन्मास आला, असे म्हटले तरी चालेल. त्याच नियमावलीत दुसरेही एक कलम आहे. बेस गाठण्यापूर्वी जो धावक प्रतिपक्षीयास चेंडू झेलू देणार नाही वा मिळवू देणार नाही, तो बाद समजावा, असा त्याचा आशय आहे. हस्तक्षेपाचा नियम तो हाच. बेसवरील क्षेत्ररक्षक आणि त्याला संरक्षण देणारा नियम हे दोन्ही एकाच कागदावर आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढच्या दोन फेरबदलांनी प्रश्न अधिक तीव्र केला. १८७१ पासून बेसबॉलमध्ये फलंदाजास पहिला बेस ओलांडून पुढे धावत जाण्याची मुभा मिळाली. दुसऱ्या व तिसऱ्या बेसवर धावकाला थांबावे लागते, म्हणून तो वेग कमी करतो किंवा घसरत येतो. पहिल्या बेसवर तो पूर्ण वेगाने पाय टेकून पुढे जातो, आणि साहजिकच टक्कर झाली तर ती पूर्ण वेगातच होते. दुसरा फेरबदल १८८७ चा. तोपर्यंत पहिला व तिसरा बेस सीमारेषेवरच मधोमध असत. त्या वर्षी ते संपूर्णपणे रेषेच्या आत घेण्यात आले. टोला फेअर की फाउल हे ठरविणे पंचांना त्यामुळे सोपे गेले. मात्र धावकाची वाट आणि त्याचे लक्ष्य यांची फारकत झाली.

योगायोग असा की, सॉफ्टबॉलचा जन्मही १८८७ मधलाच. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात शिकागो येथील फॅरागट बोट क्लबच्या दालनात जमलेल्या तरुणांनी मुष्टियुद्धाचा एक हातमोजा दोरीने बांधून त्याचा चेंडू केला व झाडूच्या दांड्याने तो टोलविण्यास आरंभ केला. जॉर्ज हॅनकॉक याने या करमणुकीस नियम दिले. १८९५ मध्ये मिनीॲपोलिसच्या अग्निशामक दलातील लुई रोबर याने आपल्या जवानांच्या व्यायामासाठी असाच एक खेळ मोकळ्या जागेत सुरू केला. विविध नावांनी खेळल्या जाणाऱ्या या प्रकारांना सॉफ्टबॉल हे नाव १९२६ मध्ये वॉल्टर हॅकन्सन याने सुचविले. १९३३ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली व १९३४ मध्ये सर्वमान्य नियमांसाठी संयुक्त समिती नेमली गेली. महिलांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६५ मध्ये मेलबर्न येथे झाली. ऑलिंपिकमध्ये महिलांचा सॉफ्टबॉल १९९६ ते २००८ पर्यंत होता, नंतर वगळला गेला व टोकिओच्या २०२१ मध्ये भरलेल्या स्पर्धांत पुन्हा आला.

खेळ नवा झाला, तरी पहिल्या बेसची जुनी अडचण त्याने वारसा म्हणून घेतली आणि वाढविली. बेसबॉलमध्ये दोन तळांतील अंतर २७.४३ मी. असते, सॉफ्टबॉलमध्ये ते त्याच्या दोन-तृतीयांश आहे. चपळ फलंदाज सुमारे तीन सेकंदांत पहिला बेस गाठतो. एवढ्या अवधीत चेंडू उचलणे, फेकणे व झेलणे या तिन्ही क्रिया पुऱ्या व्हाव्या लागतात.

क्षेत्ररक्षकाचे स्थान : बेसबॉलमध्ये पहिल्या बेसवरील धावक पिचरने चेंडू टाकण्यापूर्वीच काही पावले पुढे सरकून उभा राहतो, त्याला दबकावून ठेवण्यासाठी क्षेत्ररक्षकास बेसला चिकटून उभे राहावे लागते. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत धावकाने बेस सोडता कामा नये, असा नियम आहे. त्यामुळे पहिल्या बेसचा क्षेत्ररक्षक मोकळा राहतो, आणि जलद गोलंदाजीच्या सामन्यांत तो बेसच्या काही पावले पुढे, फलंदाजाच्या दिशेने उभा असतो. कारण या खेळात बंट, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता थोपवून जवळच पाडण्याची युक्ती, फार चालते. पडलेला चेंडू उचलण्यास पुढे धावलेला हा क्षेत्ररक्षक स्वतः बेसवर परतू शकत नाही. त्याच्या जागी दुसऱ्या बेसचा क्षेत्ररक्षक धावत येऊन बेस राखतो. तो येतो आडव्या दिशेने, फलंदाज येतो उभ्या दिशेने आणि फेक येते घरच्या तळाजवळून, म्हणजे फलंदाजाच्या पाठीमागून. तिन्ही रेषा बेसवर मिळतात. पहिल्या बेसवरील खेळाची सारी अडचण या एका आकृतीत सामावलेली आहे.

यातून सुटण्याची रीत म्हणजे फेकीची रेषा धावण्याच्या रेषेपासून वेगळी पाडणे. बेस राखणाऱ्याने आपला पाय बेसच्या आतल्या कडेस, पिचरकडील बाजूस टेकवावा, शरीर फेअर भागात ठेवावे व हातमोजा तेथूनच दाखवावा. तसे केल्याने चेंडू उचलणारा खेळाडू रेषेच्या आतून फेक करतो आणि धावकाची बाहेरची पट्टी मोकळी राहते. बेसच्या मध्यावर पाय रोवून उभे राहणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक असून धावकाचे पाऊल त्याच जागी पडावयाचे असल्याने घोट्याच्या दुखापती होतात. चेंडू फाउल भागात असला तर सगळे उलट करावे लागते. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला आणि पहिला बेस रिकामा असला किंवा दोन गडी बाद झालेले असले, तर फलंदाज पहिल्या बेसकडे धावू शकतो. अशा वेळी निसटलेला चेंडू रेषेच्या बाहेर गेला असेल, तर क्षेत्ररक्षक बेसच्या बाहेरील अंगास सरकतो व तेथून फेक मागतो. पहिल्या बेसच्या क्षेत्ररक्षकास व कॅचरला इतरांहून मोठा, बोटे न विभागलेला हातमोजा वापरण्याची मुभा आहे. वेड्यावाकड्या फेकी बेस न सोडता घेता याव्यात, हा तिचा उद्देश.

हस्तक्षेप : टोलविलेला चेंडू अडविण्याच्या प्रयत्नात असलेल्या क्षेत्ररक्षकास प्रथम हक्क असतो. धावकाने त्याला वळसा घालूनच गेले पाहिजे. त्यासाठी पट्टी सोडली तरी दोष लागत नाही. मुद्दाम धडक दिली नव्हती, हा बचाव येथे चालत नाही. फेकलेल्या चेंडूच्या बाबतीत नियम निराळा आहे. धावक पट्टीच्या बाहेरून धावला एवढ्याने तो बाद होत नाही, आणि फेकलेला चेंडू त्याच्या पाठीवर आदळला एवढ्यानेही होत नाही. तो पट्टीबाहेर असला पाहिजे, त्याच्या तेथे असण्याने बेसवरील क्षेत्ररक्षकास फेक घेण्यात व्यत्यय आला पाहिजे आणि ती फेक झेलता येण्याजोगी असली पाहिजे. या गोष्टी जुळल्या की चेंडू तत्काळ मृत होतो, फलंदाज बाद ठरतो व इतर धावकांना मागे जावे लागते. फेकच झाली नाही, तर हस्तक्षेपही नाही. प्रेक्षकांना हे पटत नाही. पण नियम संरक्षण देतो ते झेलण्याच्या क्रियेस, केवळ उभे राहण्यास नव्हे.

हा निर्णय किती नाजूक असतो, हे बेसबॉलच्या एका प्रसिद्ध सामन्यात दिसून आले. १९६९ च्या वर्ल्ड सिरीजमधील चौथ्या सामन्यात न्यूयॉर्क मेट्सच्या जे. सी. मार्टिनने दहाव्या डावात बंट केला. बाल्टिमोरचा पिचर पीट रिकर्टने पहिल्या बेसकडे फेकलेला चेंडू मार्टिनच्या मनगटावर आदळून दूर गेला आणि रॉड गॅस्परने विजयाची धाव पुरी केली. पंचांनी हस्तक्षेप दिला नाही. नंतर प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांत मार्टिन रेषेच्या आतून धावत असल्याचे दिसले. निकाल अर्थात बदलला नाही. २०१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये उलट घडले. वॉशिंग्टनच्या ट्रे टर्नरला याच नियमाखाली बाद दिल्यामुळे मोठा वाद झाला, कारण आत असलेल्या बेसवर पाय टेकण्यासाठी धावकास शेवटी आत वळणे भागच असते. अखेर २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलने धावकाची वाट रेषेच्या आतल्या बाजूस गवताच्या कडेपर्यंत रुंद केली.

अडथळा : चेंडू हातात नसलेला आणि टोलविलेला चेंडू अडविण्याच्या क्रियेतही नसलेला क्षेत्ररक्षक धावकाच्या वाटेत आला, तर तो अडथळा होय. पंच डावा हात आडवा पसरून तो दर्शवितो, परंतु खेळ लगेच थांबवीत नाही. अडथळा आला नसता तर धावक ज्या बेसपर्यंत पोहोचला असता, तो बेस त्यास खेळ संपल्यावर दिला जातो. चेंडू आता हातात येणारच आहे, अशा स्थितीतील क्षेत्ररक्षकास पूर्वी वाट अडविण्याची सूट असे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही सूट काढून घेण्यात आली व चेंडू प्रत्यक्ष हाती असणे आवश्यक ठरले. प्रस्तुत लेखकाच्या मते सॉफ्टबॉलच्या नियमांतील हा सर्वांत न्याय्य बदल आहे. ‘येणारच होता’ हे ठरविणे म्हणजे पंचाच्या माथी अंतर्ज्ञान लादण्यासारखे होते. उलटपक्षी, चेंडू हाती असलेल्या क्षेत्ररक्षकावर उभ्या-उभ्या धडकून चेंडू पाडू पाहणारा धावक बाद होतो, आणि धडक उघडउघड दांडगाईची असेल, तर त्याला सामन्यातून काढले जाते.

जोड-बेस : बेसबॉलने वाट रुंद केली, सॉफ्टबॉलने त्याआधीच बेस रुंद केला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॉफ्टबॉलमध्ये पहिल्या बेसच्या जागी दुप्पट लांबीचा, ३८.१ × ७६.२ सेंमी.चा जोड-बेस आला. त्याचा पांढरा अर्धा भाग फेअर बाजूस व नारिंगी किंवा अन्य ठळक रंगाचा अर्धा भाग फाउल बाजूस असतो. बाद करण्याचा प्रयत्न चालू असताना फलंदाजाने रंगीत भागावर व क्षेत्ररक्षकाने पांढऱ्या भागावर पाय टेकावयाचा असतो. धावक चुकून फक्त पांढऱ्या भागावरून गेला आणि तो परतण्यापूर्वी क्षेत्ररक्षण करणाऱ्या बाजूने दाद मागितली, तर तो बाद होतो. फेक फाउल भागातून येत असली, तर दोघांनाही कोणताही भाग वापरता येतो. एकदा बेस ओलांडल्यावर मात्र धावकाने पांढऱ्या भागावरच परतावयाचे असते. १८८७ मध्ये वाट आणि लक्ष्य यांची जी फारकत झाली होती, ती या साध्या उपायाने मिटली. धावक बाहेरून धावतो व बाहेरच पाय टेकतो.

महाराष्ट्रातील संदर्भ : भारतात सॉफ्टबॉलची राष्ट्रीय संघटना १९६१ मध्ये जोधपूर येथे स्थापन झाली. महाराष्ट्रात जळगाव हे या खेळाचे एक प्रमुख केंद्र बनले व शालेय क्रीडास्पर्धांत समावेश झाल्यामुळे तो जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला. मराठवाड्यातील धाराशिव जिल्हा (२०२३ पूर्वीचा उस्मानाबाद) मात्र ओळखला जातो तो खो-खोसाठी. २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्यातली. तिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. बालाघाटाच्या कुशीतील या अवर्षणप्रवण मुलखात मैदाने मुरमाड, आणि खो-खोला दोन खांब व फक्कीखेरीज काही लागत नाही. सॉफ्टबॉलला बॅट, हातमोजे, कॅचरचा मुखवटा हे सारे लागते. अशा जिल्ह्यात सॉफ्टबॉल शिकणारी मुलगी बहुधा खो-खोचे पाय घेऊनच येते, आणि म्हणून वाटेच्या हक्काविषयी खो-खो काय सांगतो, हे पाहणे उपयोगाचे आहे.

डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम तयार केले तेव्हापासून हा खेळ नियमबद्ध आहे. चौकोनांत बसलेल्या खेळाडूंनी धावणाऱ्यांस अडथळा होईल अशा रीतीने बसू नये, आणि अशा अडथळ्यामुळे कोणी बाद झाल्यास त्याला बाद धरू नये, असे त्यातील एक कलम आहे. धावणाऱ्यानेही बसलेल्यांना स्पर्श करू नये. ताकीद देऊनही केल्यास तो बाद होतो. सॉफ्टबॉलचे अडथळा व हस्तक्षेप हे दोन्ही नियम येथे बीजरूपाने आहेत. आट्यापाट्यांत याच्या उलट आहे; तेथे पाटीवरचा खेळाडू वाट अडविण्यासाठीच उभा असतो, आणि अडविणे हाच खेळ होय. सॉफ्टबॉल या दोहोंच्या मध्ये पडतो. चेंडू हाती नाही तोपर्यंत क्षेत्ररक्षक खो-खोतल्या बसलेल्या गड्यासारखा, आणि चेंडू हाती आला की पाटीवरच्या गड्यासारखा. मुलांना हा नियम समजावून सांगण्यास याहून सोपा दृष्टांत नाही.

खो-खोची सवय एके ठिकाणी मात्र नडते. खो-खोत हुलकावणी देऊन बसलेल्या दोघांच्या मधून पलीकडे निघून जाणे हे कौशल्य समजले जाते. सॉफ्टबॉलमध्ये चेंडूचा स्पर्श चुकविण्यासाठी धावक आपल्या वाटेपासून ०.९१ मी. पेक्षा अधिक बाजूस सरला, तर तो बाद होतो. आणि पहिल्या बेसकडे जाताना फेक येत असता आत झुकला, तर हस्तक्षेपाचा धनी होतो. चपळाईचा गुण तोच, पण पंच त्याला दोष ठरवतो.

जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी चढत जाणाऱ्या शालेय स्पर्धांत एका निर्णयाची किंमत मोठी असते. वरच्या पायऱ्यांवरील सहभागावर दहावी-बारावीचे क्रीडागुण अवलंबून असतात, आणि मान्यताप्राप्त स्पर्धांतील प्रावीण्यास शासकीय सेवेतील पाच टक्के आरक्षणाचा आधार असतो. सामना एका धावेने सुटत असता पहिल्या बेसवर दिलेला निर्णय म्हणूनच मुलींच्या घरापर्यंत पोहोचतो. जोड-बेस नसलेल्या मैदानावर एकाच पांढऱ्या बेसवर दोघींना भागवावे लागते. तेथे पट्टीची दुसरी रेषाही फक्कीने आखलेली नसेल, तर धावणारी आत होती की बाहेर, हे पंचास केवळ अंदाजाने सांगावे लागते. तिची लांबी ९.१४ मी. असून ती आखण्यास ओंजळभर फक्की पुरते. सामन्यापूर्वी पंचाने दोन्ही कर्णधारांस बेसपाशी नेऊन बेस राखणारीने आतल्या कडेस व धावणारीने बाहेरच्या कडेस पाय टेकावा, हे दाखवून द्यावे, आणि पट्टी आखून झाल्याखेरीज नाणेफेक करू नये.